पहिली नजर कुठे शिकली?

१९३७ साली मोनॅकोत राहणाऱ्या आब्राहम ब्रेडियस यांच्यापुढे एक चित्र आणून ठेवण्यात आले. ब्रेडियस तेव्हा ८२ वर्षांचे होते. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाचे संचालकपद त्यांनी वीस वर्षे सांभाळले होते आणि सतराव्या शतकातल्या डच चित्रांबाबत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. एमाउस गावी शिष्यांसोबत जेवायला बसलेला येशू हा चित्राचा विषय. पाहताक्षणी ब्रेडियस यांची खात्री पटली की हा योहानेस व्हर्मीरचा हात आहे, आणि हात आहे तोही ऐन भरातला. ‘बर्लिंग्टन मॅगझिन’मध्ये त्यांनी तसे लिहिले. रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयाने देणगीदारांच्या मदतीने पाच लाखांहून अधिक गिल्डर मोजून ते विकत घेतले आणि मोठ्या थाटात भिंतीवर लावले.

चित्राचा रंग वाळून जेमतेम वर्ष झाले होते. हान व्हान मेगरेन नावाच्या चित्रकाराने जुना कॅनव्हास मिळवून, रंगात बेकेलाइटची रसायने मिसळून आणि चित्र भट्टीत भाजून त्याला तीनशे वर्षांचे वय चढवले होते. पुढे युद्ध संपल्यावर १९४५मध्ये त्याला अटक झाली ती वेगळ्याच आरोपाखाली. त्याच्याकडचा एक ‘व्हर्मीर’ नाझी नेता हेरमान गोरिंगच्या संग्रहात सापडला होता. देशाचा ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपातून सुटायचे तर एकच वाट होती. ‘ते चित्र मीच रंगवले,’ असे त्याने सांगितले, आणि कोणी विश्वास ठेवेना तेव्हा पहाऱ्यात बसून आणखी एक ‘व्हर्मीर’ रंगवून दाखवला.

यानंतर चार दशकांनी नेमके उलटे घडले. कॅलिफोर्नियातल्या जे. पॉल गेटी संग्रहालयाकडे १९८३ साली एका विक्रेत्याने उभ्या तरुणाचा संगमरवरी ग्रीक पुतळा आणला. उंची दोन मीटरांहून थोडी जास्त, वय अडीच हजार वर्षे, मागणी जवळपास १ कोटी डॉलरची. संग्रहालयाने सावधपणे तपास केला. भूवैज्ञानिकाने दगडाचा नमुना पाहून वरचा थर तयार व्हायला शतके लागली असणार, असा निर्वाळा दिला. मालकीची जुनी पत्रेही ठीक दिसली. १९८५मध्ये व्यवहार झाला. पण इटालियन कलाइतिहासकार फेदेरिको झेरी यांची नजर पुतळ्याच्या नखांवरच अडखळली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे माजी संचालक टॉमस होव्हिंग यांच्या मनात पुतळा बघताच एक शब्द उमटला, ‘ताजा’. इतकी शतके जमिनीखाली पडून राहिलेल्या दगडाबद्दल असा शब्द सुचावा, इथेच शंकेची पाल चुकचुकली. पुढे पत्रे बनावट निघाली. १९५२ची तारीख असलेल्या एका पत्रावरचा पोस्टल कोड १९७२पर्यंत अस्तित्वातच नव्हता. दगडाविषयीचा निर्वाळाही डळमळला. ‘ग्रीक, इ.स.पू. सुमारे ५३०, किंवा आधुनिक बनावट’ अशी दुहेरी पाटी घेऊन तो पुतळा कित्येक वर्षे उभा होता. २०१८मध्ये तो प्रदर्शनातून काढण्यात आला.

दोन्हीकडे जाणकार माणसे आहेत, आयुष्यभराचा व्यासंग आहे आणि निकाल क्षणात लागलेला आहे. एकदा तो साफ चुकला, एकदा बहुधा बरोबर ठरला. ब्रेडियस यांना वाटलेली खात्री होव्हिंग यांच्या शंकेपेक्षा तसूभरही कमी जोराची नव्हती. या विषयातली मुख्य अडचण हीच. मनाचा कौल किती ठामपणे आला, यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. मग कशावरून ठरते? पुढची पाने या एका प्रश्नाभोवती लिहिलेली आहेत.

आपल्याकडे दोन्ही बाजूंचे सल्ले सुखाने एकत्र नांदतात. ‘मनाला पटत नसेल तर करू नकोस’ असे सांगणारी माणसेच ‘नीट विचार कर, घाई करू नकोस’ असेही बजावतात. घाटातली पाटी तर ‘अति घाई संकटात नेई’ म्हणत वळणावळणावर उभी असते. पुस्तकांच्या जगातही हीच फाळणी दिसते. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००५च्या ‘ब्लिंक’ने क्षणार्धातल्या जाणिवेला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या पुस्तकाची सुरुवात गेटीच्या पुतळ्यानेच होते. सहा वर्षांनी आलेल्या डॅनिएल कानेमान यांच्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ने त्याच जाणिवेच्या चुकांची लांबलचक यादी मांडली. वाचकांनी सोयीप्रमाणे एकेक बाजू उचलली. वास्तविक ग्लॅडवेलनी फसलेल्या पहिल्या नजरेवरही बरेच लिहिले आहे आणि कानेमाननी मुरलेल्या माणसाच्या अंदाजाला मान दिला आहे. हृदय विरुद्ध डोके हा सामना बाहेरच्यांनी लावलेला आहे.

आधी या अंतःप्रेरणेत घडते काय, ते पाहू. बुद्धिबळाने याचे पहिले चांगले उत्तर दिले. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट स्वतः उत्तम खेळाडू होते. १९४६ साली त्यांनी मांडले की अव्वल खेळाडू सामान्य खेळाडूपेक्षा फार पुढच्या चाली मोजतो असे नाही. चांगली चाल त्याला मुळात आधी दिसते. १९७३मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक सुरेख प्रयोग केला. प्रत्यक्ष डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून पट झाकला. निष्णात खेळाडूने बहुतेक मोहरे अचूक परत मांडले, नवख्याला मोजकेच जमले. मग तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले. आता निष्णाताची कमाल संपली. तोही नवख्याच्या पंक्तीला येऊन बसला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. हजारो डावांतून डोळ्यांत बसलेले आकार तो ओळखत होता, आणि जिथे आकारच नव्हता तिथे ओळखायला काही उरले नव्हते. १९७८मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या सायमन यांनी पुढे अंतःप्रेरणेतले गूढ काढूनच टाकले. त्यांच्या मते ती निव्वळ ओळख होती.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांचा कयास होता की आणीबाणीत हे लोक निदान दोन पर्याय तरी तोलत असतील. अधिकारी म्हणाले, आम्ही निर्णय वगैरे काही घेत नाही, काय करायचे ते दिसतेच. त्यातल्या एका लेफ्टनंटचा अनुभव क्लाइन यांच्या १९९८च्या ‘सोर्सेस ऑफ पॉवर’मुळे जगभर पोहोचला. एका बैठ्या घराच्या मागच्या स्वयंपाकघरात आग लागली होती. जवानांनी दिवाणखान्यातून पाण्याचा मारा केला, आग मागे हटली आणि पुन्हा उसळली. लेफ्टनंटला काहीतरी खटकले. त्याने सगळ्यांना तत्काळ बाहेर काढले आणि थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीन खचली. खरी आग खालच्या तळघरात होती, आणि घराला तळघर आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे, असे तो पुढे मानू लागला.

क्लाइन यांनी त्याला परत त्या खोलीत नेले, म्हणजे प्रश्न विचारून. खोली किती तापली होती? स्वयंपाकघरातल्या आगीच्या मानाने फारच. आवाज? अशा उष्णतेला साजेसा अजिबात नाही. जमिनीने तो दाबून टाकला होता. पाणी मारल्यावर आग का विझेना? कारण पाणी मुळाशी पोचतच नव्हते. तीन गोष्टी नेहमीच्या आगीशी जुळत नव्हत्या. आग कुठे आहे हे लेफ्टनंटला कळले नव्हते, पण ही आपल्या ओळखीची आग नाही एवढे कळले होते. जीव वाचवायला तेवढे पुरले.

अंतःप्रेरणेचा मोठा भाग असा नकाराचा असतो. काय बरोबर आहे हे ती क्वचित सांगते. काय बिनसले आहे हे मात्र फार लवकर सांगते.

आणि ती सांगते शरीरातून. पोटात खड्डा पडतो, काळजात धस्स होते, हात आखडतो. न्यूरोलॉजिस्ट आंतोनिओ दामासिओ यांच्याकडे मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले काही रुग्ण होते. त्यांची बुद्धी शाबूत होती, स्मृतीही नीट होती, पण भावनेचा हा इशारा पोचणे बंद झाले होते. अशा एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखांपैकी एक निवडायला सांगितले. त्याने डायरी उघडली आणि आधीच्या भेटी, प्रवास, संभाव्य हवामान असा दोन्हींचा जमाखर्च मांडायला घेतला. जवळपास अर्धा तास गेला. अखेर दामासिओंनीच दुसरी तारीख सुचवली. रुग्ण चटकन ‘ठीक आहे’ म्हणाला आणि निघून गेला. निव्वळ तर्कावर चालणारा माणूस आदर्श निर्णय घेईल, ही कल्पना दामासिओंच्या १९९४च्या ‘देकार्त्स एरर’नंतर टिकणे अवघड झाले. कौल देणारे शरीर गप्प झाले, तर कारणांची यादी संपतच नाही.

मग अशा इशाऱ्यावर किती भरवसा ठेवायचा? याचे आकड्यांतले एक प्रामाणिक उत्तर बेल्जियममधून आले. फ्लँडर्स भागातल्या डॉक्टरांकडे आलेल्या ३,८९० आजारी मुलांचा अभ्यास २०१२मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीनंतर यांतल्या ३,३६९ मुलांचा आजार गंभीर नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. तरीही त्यातली ६ मुले पुढे गंभीर संसर्गाने रुग्णालयात दाखल झाली. तपासणीत काही सापडलेले नसताना ‘तरी काहीतरी बिनसले आहे’ असे ज्या मुलांबाबत डॉक्टरांना वाटले होते, त्यांच्यात हा धोका कितीतरी पट जास्त होता. त्या वाटण्यावर कृती केली असती तर ६ पैकी २ मुले वेळीच पकडली गेली असती. त्यासाठी ४४ मुलांची धावपळ विनाकारण झाली असती.

या आकड्यांपुढे दोन्ही पक्षांनी थांबावे. जाणीव खोटी नव्हती, पण सहांतल्या चौघांच्या वेळी ती मुळात आलीच नाही. आणि जिथे आली तिथे बहुतेक वेळा घंटा उगाच वाजली. तरीही हा सौदा घेण्याजोगा आहे, कारण पारड्यात एका बाजूला पुन्हा एकदा तपासण्याचा त्रास आहे आणि दुसऱ्या बाजूला लहान मुलाचा जीव. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डॉक्टरांच्या या जाणिवेशी निगडित बाबींत पालकांची काळजी ठळक होती. ‘हा ताप नेहमीसारखा नाही’ असे आई म्हणते, तेव्हा तिला वैद्यक माहीत असतेच असे नाही. तिला ते एक मूल माहीत असते, त्याचे आजवरचे सगळे ताप माहीत असतात. लेफ्टनंटला आग ओळखीची नाही हे कळले, तसेच हे. बालरुग्णांच्या ओपीडीत बसलेल्या अनुभवी डॉक्टरांना या वाक्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

अनुभव आला की नजर येते, असे इथवर वाचून वाटेल. तसे असते तर ही प्रस्तावना इथेच संपवता आली असती.

न्यूयॉर्कमधल्या एका नामवंत डॉक्टरांची हकीकत डॉक्टर आणि लेखक लुइस थॉमस यांनी लिहून ठेवली आहे. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, विषमज्वराचा. हे डॉक्टर वॉर्डात फेरी मारताना प्रत्येक रुग्णाची जीभ बोटांनी चाचपून पाहत आणि रोगाची लक्षणे दिसण्याआधीच अमक्याला विषमज्वर होणार, असे सांगत. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या रुग्णाला खरोखर ताप चढे. निदानाची कीर्ती वाढत गेली. हात धुतल्याशिवाय एका जिभेवरून दुसऱ्या जिभेकडे जाणारी त्यांची बोटेच रोग पोचवत होती, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबिन होगार्थ यांनी अंतःप्रेरणेच्या शिक्षणावर लिहिताना हे उदाहरण घेतले, आणि ते नेमके आहे. अनुभव भरपूर होता. प्रत्येक अंदाजाचा निकालही समोर येत होता. पण निकाल अंदाजाने बिघडवलेला होता, म्हणून प्रत्येक बळी त्यांच्या खात्रीत भर घालत होता.

हे डॉक्टर इतिहासात जमा झाले. त्यांची पद्धत झालेली नाही. मुलाखत घेऊन माणसे नेमणाऱ्या कुठल्याही कचेरीत ती भेटते. ‘मी माणूस दारातून आत येतानाच ओळखतो,’ असे अभिमानाने सांगणारे साहेब नाकारलेल्या उमेदवारांचे पुढे काय झाले हे कधी पाहत नाहीत. निवडलेल्याला साहेबांची मर्जी मिळते, चांगले काम मिळते, तो चमकतो. साहेबांची नजर पुन्हा खरी ठरते.

चेहऱ्यावरून मत बनवायला वेळ लागतच नाही, हेही प्रयोगांनी दाखवले आहे. अलेक्झांडर तोदोरोव आणि जनीन विलिस यांनी २००६मध्ये अनोळखी चेहरे सेकंदाचा दहावा भाग एवढाच वेळ दाखवले. तेवढ्यात लोकांनी विश्वासू, कर्तबगार, आक्रमक अशी मते बनवली. जास्त वेळ दिल्यावर मते फारशी बदलली नाहीत. स्वतःच्या मतावरची खात्री तेवढी वाढली. त्याच्या आदल्या वर्षी तोदोरोव यांच्या गटाने अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांची छायाचित्रे त्यांना न ओळखणाऱ्यांपुढे ठेवली होती. ‘यातला जास्त कर्तबगार कोण दिसतो?’ एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तराने सुमारे ७० टक्के लढतींचा निकाल हेरला. चेहऱ्यावरून कर्तबगारी कळते, असा याचा अर्थ नाही. मतदारही तसेच चेहरे पाहून ठरवतात, असा आहे.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम या प्रयोगांच्या कितीतरी आधीपासून घराघरांत चालत आला आहे. मुलगी ट्रे घेऊन बाहेर येते, दोन-चार ठरावीक प्रश्न होतात आणि परतीच्या रिक्षातच घर कसे वाटले याचा निकाल लागतो. हल्ली विवाहसंस्थेच्या ॲपवर तोच कार्यक्रम अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात उरकतो. या निवडीत ज्यांचे चांगले झाले ते पहिल्या नजरेचे गुण गातात. पण एखाद्याने आयुष्यात असे किती निर्णय घेतलेले असतात? एक, फार तर दोन. आगीचा बंब घेऊन धावणाऱ्याला शेकडो आगी दिसतात. जोडीदार निवडणाऱ्याला सरावाची सोयच नाही. शिवाय न निवडलेल्या स्थळाशी संसार कसा झाला असता, हे कोणत्याही निकालाने कळत नाही.

मुलाखतीच्या भरवशावर तर आणखी मोठा घाव घातला गेला. २०१३ साली जेसन डेना, रॉबिन डॉज आणि नेथॅनियल पीटरसन यांनी काही विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या पुढच्या गुणांचा अंदाज बांधायला सांगितले. काही मुलाखतींत उत्तरे देणारा खरे बोलतच नव्हता. ठरवून दिलेल्या युक्तीने अक्षरशः वाटेल ती उत्तरे देत होता. मुलाखत घेणाऱ्यांना याचा पत्ता लागला नाही. समोरचा माणूस आपल्याला नीट समजला, असे त्यांना वाटतच राहिले. ज्यांनी मुलाखत न घेता फक्त जुने गुण पाहिले, त्यांचे अंदाज अधिक बरोबर आले. मन असंबद्ध उत्तरांतूनही एक सुसंगत माणूस रचते, आणि आपण रचलेल्या त्या माणसावर आपला पूर्ण विश्वास बसतो.

शेअर बाजार आणि राजकारण यांत याहून वेगळे चित्र नाही. फिलिप टेटलॉक यांनी सुमारे वीस वर्षे २८४ जाणकारांची राजकीय आणि आर्थिक भाकिते टिपून ठेवली आणि २००५मध्ये हिशेब मांडला. साध्या ठोकळेबाज अंदाजांपेक्षा ही मंडळी फारशी सरस ठरली नाहीत, आणि ज्यांचे नाव जास्त गाजत होते ते अधिकच चुकत होते. कानेमान यांना एका गुंतवणूक संस्थेने २५ सल्लागारांचे आठ वर्षांचे आकडे दिले होते. एका वर्षी वरच्या क्रमांकावर असलेला पुढच्या वर्षी कुठे असेल, याचा त्यातून काहीच अंदाज बांधता येईना. कौशल्याचा मागमूस नव्हता, पण बोनस मात्र कौशल्यासाठी दिला जात होता.

क्लाइन आयुष्यभर अंतःप्रेरणेची थोरवी दाखवत आले, कानेमान तिच्या चुका. हे दोघे अनेक वर्षे एकत्र बसले आणि २००९मध्ये त्यांनी जोडीने एक निबंध लिहिला. भांडण रंगेल या अपेक्षेने बसलेले दोघे जवळपास एकमताने उठले. त्यांच्या मते मुरलेल्या माणसाच्या झटपट निर्णयावर विसंबायचे तर दोन अटी आहेत. ज्या क्षेत्रातला तो निर्णय आहे ते पुरेसे नियमबद्ध हवे, म्हणजे आज दिसणाऱ्या खुणांचा उद्या घडणाऱ्या गोष्टींशी पक्का संबंध हवा. आणि त्या खुणा शिकायला दीर्घ सराव आणि चूक झाली की लगेच कळण्याची सोय हवी. भूलतज्ज्ञाला ही सोय आहे. औषधाचा परिणाम समोरच्या रुग्णावर काही क्षणांत दिसतो. क्ष-किरण पाहून अहवाल लिहिणाऱ्याला ती बरीच कमी आहे. रुग्णाचे पुढे काय झाले ते त्याच्यापर्यंत क्वचित पोचते. किती आत्मविश्वास वाटतो, ही तिसरी अट नाही. किंबहुना आत्मविश्वासाकडे पाहूच नये, असे दोघांचेही मत पडले.

या कसोटीवर ब्रेडियस यांची गोष्ट नव्याने वाचता येते. खोटे चित्र खरे ठरवले, तर ती चूक उघडकीस यायला वर्षे लागतात, आणि बहुतेकदा ती येतच नाही. त्यात व्हर्मीरने तरुणपणी इटालियन वळणाची धार्मिक चित्रे काढली असावीत, असे जाणकारांना आधीपासून वाटत होते. व्हान मेगरेनने नेमकी तीच रिकामी जागा भरली. समोर आलेली खूण निसर्गाने ठेवलेली नव्हती. पाहणाऱ्याची आवड ओळखून कोणीतरी ती मुद्दाम मांडली होती. जाहिरातदार, प्रचारक आणि फोनवर ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारे ठक आज हेच करतात. जिथे कोणी आपल्या पहिल्या नजरेसाठीच सापळा रचतो, तिथे त्या नजरेची सवय हीच तिची दुबळी बाजू होते.

मग ती वापरायची कशी? कानेमान यांना याचे उत्तर फार लवकर सापडले होते. १९५५ साली ते इस्रायली सैन्यात २१ वर्षांचे लेफ्टनंट होते, आणि नव्या सैनिकांच्या मुलाखतींची पद्धत सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. तोवरची पद्धत म्हणजे गप्पा मारायच्या आणि मुलगा कसा वाटतो ते लिहायचे. या अंदाजांचा पुढच्या कामगिरीशी मेळच बसत नव्हता. कानेमाननी सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी भूतकाळातल्या प्रत्यक्ष घटनांबद्दल प्रश्न दिले आणि एका गुणाला आकडा दिल्याशिवाय पुढच्याकडे जायचे नाही, असा नियम घातला. मुलाखत घेणारे वैतागले. आम्हाला यंत्रमानव करताय, म्हणाले. त्यांची समजूत काढायला कानेमाननी शेवटी एक सूट दिली. सहाही आकडे लिहून झाले की डोळे मिटा, तो मुलगा सैनिक म्हणून डोळ्यांपुढे आणा आणि मनाला येईल तो आकडा लिहा. काही महिन्यांनी हिशेब केला तेव्हा सहा आकड्यांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा पुष्कळ सरस निघाली. आश्चर्य म्हणजे डोळे मिटून दिलेला आकडाही त्या बेरजेइतकाच चांगला होता. जी अंतःप्रेरणा मुलाखतीच्या सुरुवातीला कुचकामी होती, तीच माहिती गोळा करून झाल्यावर कामाची ठरली. फरक पडला तो तिला कधी बोलू दिले याने.

निर्णयांच्या कथा ऐकताना आणखी एक सावधगिरी लागते. २४ सप्टेंबर २००७ला जोहान्सबर्गमध्ये ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक महेंद्रसिंग धोनीने जोगिंदर शर्माला दिले. पाकिस्तानला १३ धावा हव्या होत्या, एकच गडी उरला होता. पहिला चेंडू वाइड गेला, मग एक निर्धाव, मग मिस्बाह-उल-हकचा षटकार. ४ चेंडूंत ६ धावा. पुढच्या चेंडूवर मिस्बाहने मागे उचललेला फटका श्रीशांतच्या हातात गेला आणि धोनीच्या उपजत बुद्धीची दंतकथा जन्माला आली. चेंडू थोडा लांब पडता, तर हाच निर्णय ‘हरभजनचे षटक शिल्लक असताना केलेला वेडेपणा’ म्हणून ओळखला गेला असता. निर्णय घेताना धोनीला जे माहीत होते, त्यात मात्र काडीचाही फरक पडला नसता.

त्याउलट २ एप्रिल २०११ची, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची वानखेडेवरची रात्र. २७५चा पाठलाग करताना भारत ३ बाद ११४ असा अडकला होता आणि धोनी स्वतः युवराजच्या आधी मैदानात आला. हाही जुगारच वाटला होता. पण समोर श्रीलंकेचा मुथय्या मुरलीधरन होता, आणि चेन्नई सुपर किंग्जमध्ये त्याच्यासोबत राहिलेल्या धोनीला त्याची गोलंदाजी खेळण्याचा विश्वास होता. हे कारण त्याने पुढे स्वतः सांगितले. नाबाद ९१ धावा हा निकाल झाला. निर्णय मात्र त्या आधीच्या मोसमांत हळूहळू तयार होत आला होता. दोन्ही विजय छान आठवतात, तरी झटपट निर्णयाबद्दल शिकायचे तर दुसरा अधिक उपयोगाचा आहे.

पुढच्या पानांत दवाखाना, न्यायालय, बाजार, मैदान, घर अशी वेगवेगळी ठिकाणे येतील. प्रत्येक ठिकाणी वाचकाने तीन गोष्टी विचारत जावे. इथल्या खुणा विश्वासार्ह आहेत का? या माणसाला त्याच्या चुका वेळेवर कळत होत्या का? आणि चुकले तर किंमत कोण मोजणार होते? उत्तरे नेहमी नीटनेटकी मिळणार नाहीत, कारण एकाच माणसाची नजर एका कामात मुरलेली आणि शेजारच्याच कामात कच्ची असू शकते. निष्णात शल्यविशारद भागीदार निवडताना फसतो. मुरलेला व्यापारी मालाचा वास घेऊन दर्जा सांगतो आणि जावयाच्या बाबतीत हात टेकतो.

हा भेद संस्थांनाही सावकाशच कळतो. क्रिकेटच्या नियमांत तो अलीकडे स्पष्ट दिसू लागला आहे. झेल नीट पकडला की जमिनीला लागला अशी शंका आली, तर मैदानावरचा पंच तिसऱ्या पंचाकडे दाद मागताना आधी स्वतःचे पहिले मत खुणेने सांगत असे, आणि ठाम पुरावा नसेल तर तेच मत कायम राही. जून २०२३पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ही ‘सॉफ्ट सिग्नल’ची पद्धत बंद केली. सीमारेषेजवळ गवतावर झेपावलेल्या क्षेत्ररक्षकाची बोटे पंचाला मैदानाच्या मधोमधून दिसतच नाहीत. त्या मतात त्याच्या सरावाचा काही वाटा नसतो. पायचीतच्या निर्णयात मात्र ‘अंपायर्स कॉल’ टिकून आहे. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागणार असे यंत्र दाखवत असेल, तर निर्णय पंचाचाच राहतो. तिथे तो यष्टींच्या मागे सरळ रेषेत उभा असतो, तसे शेकडो चेंडू त्याने पाहिलेले असतात, आणि निर्णयाची यंत्राने फेरतपासणी करणारी डीआरएस पद्धत आल्यापासून त्याची प्रत्येक चूक काही मिनिटांत मोठ्या पडद्यावर त्याला दाखवली जाते.